वहिनीचं तिसरं गणित

माझ्या वहिनीला आयुष्यात एकाच शब्दाचा राग होता, तो म्हणजे ‘मानू’. हा शब्द काही शिव्यांमध्ये मोडत नाही. तो बीजगणितात येतो. ‘मुलीचे वय क्ष मानू’ असं मी म्हटलं की ती हातातला खडू खाली ठेवायची.

“मानायचं कशाला, वन्सं? मुलीला विचारा की.”

“मुलगी इथे नाहीये वहिनी. ती गणितातली मुलगी आहे.”

“मग तिच्या आईला विचारा. आईला लेकीचं वय माहीत नसतं होय?”

मी शाळेत जन्मभर गणित शिकवलं. पोरं पाठीमागे मला ‘फुटपट्टी’ म्हणायची, आणि ते नाव मी कष्टाने कमावलं होतं. मठ्ठातला मठ्ठ विद्यार्थी मी पास करून दाखवलाय. पण वहिनीपुढे मी हात टेकले. ती मठ्ठ असती तर बरं झालं असतं. ती शिंपीण होती. माप घेतल्याशिवाय काही मानायचं नाही, हेच तिने चाळीस वर्षं पोटापाण्यासाठी केलं होतं. ज्या शिंप्याने कंबर ‘मानली’ त्याचं गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात गेलं, असं ती म्हणायची.

ती आमच्या घरात आली तेव्हा मी शाळेत शिकत होते. घरात उजेडाची खिडकी एकच. तिच्या मशीनला उजेड हवा आणि माझ्या अभ्यासालाही. तिने आपणहून मशीन आतल्या खोलीत ओढून नेलं. पुढे दादा गेला. मी लग्नाच्या भानगडीत पडले नाही. आता आम्ही दोघीच आहोत. खाली बटणं आणि लेस विकणाऱ्याचं दुकान, वर आमच्या दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत तिचं कापायचं मोठं टेबल. जेवायलाही आम्ही त्याच टेबलाशी बसतो. जेवताना हाताला कात्री लागते.

मग तिचे डोळे उतरू लागले. सुरुवातीला सुईत दोरा ओवायला ती मला हाक मारायची. मग काळ्या कापडावरचा काळा टाका दिसेना. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडदा आतून खराब होतोय, चष्म्याचा नंबर वाढवून उपयोग नाही, आहे ते जपा आणि बारीक शिवण बंद करा. वहिनीने मान डोलावली, घरी आली आणि गिऱ्हाइकांचे कपडे एकेक करून परत केले. मी काही विचारलं नाही. विचारून काय करणार होते?

एकच दार उघडं होतं. मुलींना शिवणकाम शिकवणारी एक प्रशिक्षण शाळा आहे, तिथे ती हंगामी म्हणून कटिंग शिकवायची. कागदावर मोठ्या रेघा, मोठी कात्री, आणि बाकी सगळं तोंडाने सांगायचं. ते तिला डोळे मिटूनही आलं असतं. पण शाळेने नवा नियम काढला. कटिंगच्या शिक्षिकेला साधं बीजगणित आणि भूमिती आलंच पाहिजे, कारण आता मुलींना आराखडे आकडेमोडीने काढायला शिकवायचे. परीक्षा फळ्यावर. तीन गणितं, दोन बरोबर आली की कायम नोकरी. आणि नुसतं उत्तर चालणार नाही. पायरी पायरीने सोडवायचं, मग समोर वर्ग बसलाय असं समजून समजावून सांगायचं. प्रयत्न तीनच. त्यानंतर जागा दुसऱ्या बाईला.

हे गेलं असतं तर तिच्या हाताला काम उरलं नसतं. आणि वहिनी बिनकामाची म्हणजे काय, ते मी तिच्या आजारपणात पाहिलंय. ती पडल्या पडल्या पांघरुणाच्या काठाचा एक धागा शोधते आणि ओढत बसते. संध्याकाळपर्यंत अख्खा काठ उसवलेला असतो. मला त्या काठाची भीती वाटते. खरंच वाटते.

पहिल्या प्रयत्नाला ती फळ्यापुढे उभी राहिली आणि तिची पाचावर धारण बसली. तोंडातून शब्द फुटला नाही. ते मी समजू शकते. दुसऱ्या प्रयत्नाला मात्र एक गणित अगदीच सोपं होतं. ‘पाच सेंटीमीटर बाजू असलेल्या चौरसाचे क्षेत्रफळ काढा.’ माझ्या वहिनीने फळ्यावर लिहिलं, एकोणपन्नास.

घरी आल्यावर तिने मला हे सांगितलं तेव्हा मी कपाळावर हात मारला.

“एकोणपन्नास? अगं, पाच पाचे किती?”

“पंचवीस.”

“मग हे एकोणपन्नास कुठून उपटले?”

“सात साती.”

“पण बाजू पाच आहे!”

“पाच आहे ना. मग दोन्हीकडून एकेक माया नको का धरायला? नाहीतर शिवल्यावर लहान होईल.”

शिलाईत आत दुमडायला जे जादा कापड सोडतात, त्याला शिंपी लोक माया म्हणतात. वहिनीने चौरसाला माया सोडली होती.

“आणि कोण शिवणार आहे गं हा चौरस?” मी ओरडले. “तू शिवणार? की ते परीक्षक घालून फिरणार?”

ती ओशाळली. मग हळूच म्हणाली, “मी नाही हो धरली. हाताने धरली.”

तेव्हा मला आजाराचं नाव कळलं. बाकी सगळं तिला येत होतं. बेरीज, वजाबाकी, बाजू बदलली की चिन्ह बदलायचं, कंसाबाहेरचा आकडा आतल्या दोघांना द्यायचा, सगळं. पण लांबी हा शब्द कानावर पडला की हात आपोआप दोन वाढवायचा. जित्याची खोड म्हणतात ती हीच. तिला कळायचंसुद्धा नाही, आणि नंतर तपासताना दिसायचंही नाही, कारण तिच्या दृष्टीने तिथे काही जादा नव्हतंच. ते असायलाच हवं होतं.

मग आमची रोजची शाळा सुरू झाली. कापायच्या टेबलावर ती काळं अस्तर ताणून पसरायची आणि शिंप्याच्या चपट्या खडूने त्यावर गणितं करायची. अक्षर हे एवढं मोठं. मी वरून बघायची. तिने माया सोडली रे सोडली की मी टेबलावर थाप मारायची. पुढे पुढे थाप मारायच्या आधीच ती माझ्या तोंडाकडे बघायला लागली. दुसरी ओळ लिहायची, माझं तोंड बघायचं, पुसायचं. मी खूश होते. मला वाटलं, सुधारतेय.

एकदा शंका आली म्हणून मी पाठ करून बसले. तिने सोडवलेल्या चार गणितांपैकी तीन मायेसकट निघाली.

“तुझं काय करू मी?” मी म्हटलं. “तिथे माझं थोबाड टांगून ठेवू का फळ्यावर?”

“नको,” ती शांतपणे म्हणाली. “फळा लहान आहे.”

पण त्यानंतर ती स्वतःच माझ्याकडे पाठ करून बसू लागली. आणि एक गोष्ट मी तिच्या डोक्यात खिळ्यासारखी ठोकली. उत्तर आलं की ताळा. आलेलं उत्तर घेऊन पुन्हा प्रश्नाकडे जायचं आणि त्याला विचारायचं, बाबा रे, तुला बसतंय का? हे मात्र तिला एकदम पटलं.

“म्हणजे ट्रायल,” ती म्हणाली. “कपडा अंगावर चढवून बघायचा. असं आधी सांगायचंत ना.”

तिसऱ्या परीक्षेच्या दिवशी सकाळी तिने मला बजावलं, “तुम्ही शाळेपर्यंत या. पण आत यायचं नाही.”

“का? माझ्या तोंडाला काय झालंय?”

“तुमचं तोंड दिसलं की मी त्यालाच विचारते. मग मला काही सुचत नाही. शपथ घ्या.”

मी शपथ घेतली. शाळेच्या व्हरांड्यात एका बाकड्यावर बसले. तिचं नाव पुकारलं, ती आत गेली, आणि मी मनातल्या मनात शंभर उलटे मोजायला घेतले. नव्वदच्या आसपास मी उठले. शपथ मोडायला गणिताच्या शिक्षिकेला यापेक्षा जास्त वेळ लागत नाही.

मागच्या दाराशी शाळेची शिपाईण बसली होती. तिने मला वहिनीबरोबर पाहिलं होतं, लगेच ओळखलं. “नातेवाइकांना मागे बसता येतं बाई,” ती कुजबुजली, “पण एक शब्द निघाला, बोट हललं, मान डोलली, तर त्यांची परीक्षा तिथल्या तिथे रद्द. मागच्या महिन्यात एकीच्या नवऱ्याने नुसता घसा खाकरला आणि बिचारी घरी गेली. बघा बुवा.”

मी तोंडात रुमाल कोंबला आणि आत शिरले.

तो कटिंगचा हॉल होता. लांबलचक. टेबलं भिंतीला लावलेली, मधे बाकं, सगळ्यात मागे कपडे चढवून बघायचे बिनडोक्याचे पुतळे एका रांगेत. मी त्यांच्याच पुढच्या बाकावर अंग चोरून बसले. बाकी हॉल रिकामा. पुढे फळ्याच्या बाजूला दोन परीक्षक, एक गृहस्थ आणि एक बाई. बाईंच्या हाताशी टेबलावरची घंटी. वहिनी फळ्याकडे तोंड करून उभी होती. प्रश्नाची चिठ्ठी तिने नाकाला लावली होती.

पहिलं गणित तिने मोठ्याने वाचलं. “एका संख्येच्या पाचपटीतून सात वजा केले तर अडतीस उरतात. ती संख्या कोणती?”

ती थांबली. मला माहीत होतं ती कुठे अडलीय. ‘मानू’पाशी. तिने खडू फळ्याला टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला. मग एकदम घाव घातल्यासारखं लिहिलं, ‘संख्या क्ष मानू’.

पाच क्ष वजा सात बरोबर अडतीस. सात पलीकडे गेले, अधिक झाले. पाच क्ष बरोबर पंचेचाळीस. क्ष बरोबर नऊ. मग तिने ताळा केला. नवाची पाचपट पंचेचाळीस, त्यातून सात गेले, अडतीस. “बसलं,” ती स्वतःशी म्हणाली. नंतर काल्पनिक मुलींना तिने ते असं समजावलं की गृहस्थ परीक्षकांनी टेकवलेली पाठ सरळ केली. माझ्या जिवात जीव आला.

दुसरं गणित भूमितीचं. चिठ्ठीवर एक त्रिकोण काढलेला, तीन कोन दोन क्ष, तीन क्ष आणि चार क्ष. क्ष काढा. तिने तो त्रिकोण फळ्यावर मोठा करून काढला, जसाच्या तसा. चार क्षचा कोन मुद्दामच काटकोनासारखा दिसेल असा काढलेला होता. पेपर काढणाऱ्यांना हीच खोड असते. मीही जन्मभर हेच केलंय. आकृतीवर विश्वास ठेवायचा नाही, तिन्ही कोनांची बेरीज एकशेऐंशी धरायची. नऊ क्ष बरोबर एकशेऐंशी, क्ष बरोबर वीस. तीन ओळींचं काम.

वहिनीने त्या कोपऱ्यावर तळहात आडवा-उभा ठेवला, कापडाचा कोपरा बघतात तसा. “हा काटकोन,” ती म्हणाली. आणि लिहिलं, ‘चार क्ष बरोबर नव्वद’.

मी रुमाल चावला. आकृती दिसते तशी नसते, हे मी तिला किती वेळा सांगितलं होतं! ती साडेबावीसपर्यंत गेली. ताळा करायला घेतला, तिन्ही कोन मिळवले, दोनशेच्याही वर गेले. तिचा चेहरा उतरला. पण कुठे चुकलं ते शोधायच्या आत बाईंनी हात वर केला. “या गणिताची वेळ संपली. पुढचं घ्या.”

एक बरोबर, एक चूक. आता सगळं तिसऱ्यावर होतं. तिने शेवटची चिठ्ठी उचलली. बाक हलून आवाज होईल म्हणून मी दोन्ही पाय जमिनीत रोवून बसले.

“एका आयताची,” तिने वाचलं, “लांबी रुंदीपेक्षा सहा सेंटीमीटरने जास्त आहे. परिमिती चव्वेचाळीस सेंटीमीटर. तर लांबी आणि रुंदी काढा.”

लांबी. नेमका हाच शब्द.

पहिली ओळ. ‘रुंदी क्ष मानू’. लिहून ती जरा थांबली, स्वतःच्या हाताकडे तिने पाहिलं. हाताने काही वाढवलं नाही. शाब्बास, मी मनात म्हटलं. दुसरी ओळ. ‘लांबी बरोबर क्ष अधिक’. आणि तिथे, क्षणभरही न अडखळता, तिच्या हाताने लिहिलं, आठ.

सहाचे आठ. दोन्हीकडून एकेक. माया.

आयुष्यात मला इतकं अवघड काही गेलं नाही. एक थाप, बाकावर एक साधी थाप, आणि ती मागे वळून पुसून टाकणार होती. आणि तीच थाप तिला घरी पाठवणार होती. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबले. गणिताच्या शिक्षिकेला समोर चूक दिसावी आणि मूग गिळून बसावं लागावं, ही शिक्षा माझ्या शत्रूलाही नको.

ती पुढे गेली. परिमिती म्हणजे दोन्हींच्या बेरजेची दुप्पट, म्हणून बेरीज बावीस. क्ष अधिक क्ष अधिक आठ बरोबर बावीस. दोन क्ष बरोबर चौदा. क्ष बरोबर सात. रुंदी सात, लांबी पंधरा.

आकडे स्वच्छ पडले होते. तेच वाईट होतं. एखादा वेडावाकडा अपूर्णांक निघाला असता तर तिला संशय आला असता. निदान ताळ्यात तरी सापडेल, अशी मी आशा धरली. तिने ताळा केला. सात आणि पंधरा बावीस. बावीस दुणे चव्वेचाळीस.

“बसलं,” ती म्हणाली.

बसलं होतंच. परिमितीला बसलं होतं. पण प्रश्नात दोन अटी होत्या आणि तिने एकाच अटीला विचारलं होतं. कंबर बघितली, खांदा बघायचा राहिला! मी डोळे मिटले. आता संपलं, मी म्हटलं. आता घरी गेल्यावर पांघरूण.

“हेच उत्तर?” गृहस्थांनी विचारलं. आवाजात काहीच नव्हतं.

“हो साहेब.”

“ठीक. वर्गाला समजावून सांगा. समजावून होईपर्यंत काही बदलायचं असेल तर बदलता येईल.” हे ते प्रत्येकीला सांगत असावेत. बाईंनी हात घंटीजवळ नेला.

वहिनी वळली. पदावर असल्यासारखी ताठ उभी राहिली. पहिल्या गणिताच्या वेळी ती रिकाम्या बाकांकडे बघून बोलली होती. या वेळी तिने हॉलभर नजर फिरवली आणि ती नजर थेट माझ्यावर येऊन थांबली.

“तू गं,” ती म्हणाली. “मागच्या बाकावरची. उभी राहू नकोस, बसूनच सांग. काय विचारलंय?”

हिने मला पाहिलं. शपथ मोडली म्हणून सूड घेतेय की काय! दोन्ही परीक्षकांच्या माना माझ्याकडे वळल्या. दाराशी शिपाईण उभी राहिली. मी छताकडे बघू लागले.

“वर काय लिहिलंय का? इकडे बघ. लांबी काढायचीय आणि रुंदी. हे बघ, आपली रुंदी आली सात. लांबी आली पंधरा. आता सांग बरं, लांबी रुंदीपेक्षा कितीने जास्त?”

तोंडात रुमाल. डोळ्यांत पाणी. उत्तर माझ्या दातांवर येऊन उभं होतं.

“घाबरू नकोस. चुकलं तरी चालतं.” तिचा आवाज इतका मऊ झाला होता, की असा आवाज मी माझ्या वर्गात उभ्या जन्मात काढला नाही. “मोठ्यातून लहान काढायचं, एवढंच. पंधरातून सात गेले…”

मी ढिम्म.

“बरं, राहू दे. मी सांगते. पंधरातून सात गेले, राहिले…”

ती थांबली.

“आठ,” ती म्हणाली.

तिने चिठ्ठी पुन्हा नाकाला लावली. ओठ हलले. सहा. मग फळ्याकडे वळून ती त्याच्या इतकी जवळ गेली की नाकाला खडू लागला असेल, आणि एकेका ओळीवर बोट ठेवत खालून वर चढू लागली. सात. चौदा. बावीस. बोट दुसऱ्या ओळीवर आलं. पुढे सरकलं. पुन्हा मागे आलं.

“एक मिनिट उरलंय,” बाई म्हणाल्या.

“हे दोन कोणी मागितले होते?” वहिनी स्वतःवरच खेकसली, अगदी माझ्या आवाजात. आणि तळहाताने तिने दुसऱ्या ओळीपासून खालपर्यंत सगळं एका झटक्यात पुसून टाकलं.

क्ष अधिक सहा. खडू मोडला, अर्ध्याने ती लिहीत राहिली. दोन क्ष अधिक सहा बरोबर बावीस. दोन क्ष बरोबर सोळा. क्ष बरोबर आठ. रुंदी आठ, लांबी चौदा. “आठ आणि चौदा बावीस, दुणे चव्वेचाळीस. हे बसलं. आणि चौदातून आठ गेले, सहा. हेही बसलं. बघ मुली, दोन्हीकडून बघायचं असतं. मी आत्ता एकीकडून बघितलं आणि फसले. तू फसू न—”

घंटी वाजली.

गृहस्थांनी बाईंकडे पाहिलं, बाईंनी त्यांच्याकडे. “तीनपैकी दोन,” बाई म्हणाल्या. “पुढच्या सत्रापासून कामावर या.” वहिनीने त्यांना नमस्कार केला, फळा स्वच्छ पुसला, आणि पुढच्या दाराने बाहेर पडली.

मी मागच्या दाराने धावत सुटले. व्हरांडा ओलांडून बाकड्यावर येऊन बसते न बसते तोच ती आली. मी धापा टाकत होते, पण ते तिच्या लक्षात आलं नाही. मी मनात सगळी तयारी केली होती. शपथ मोडली म्हणून ती रागावणार, मग मी उलटी तिच्यावर चढणार, दुसऱ्या गणितात आकृतीवर विश्वास का ठेवलास म्हणून, आणि घरी जाईपर्यंत आमचं झकास भांडण होणार.

“झालं वन्सं,” ती म्हणाली. “मिळाली.” आणि तिने माझे दोन्ही हात धरले. तिच्या बोटांचा खडू माझ्या हातांना लागला. मग ती जराशी गंभीर झाली.

“पण एक विचारू? शाळेत नवीन मुलगी आलीय का कोणी? मागच्या बाकावर बसली होती. लांबून चेहरा काही दिसेना मला, मुलगी आहे एवढं कळलं. एवढं सोपं विचारलं हो मी, पण तोंडच उघडेना बिचारीचं. फार घाबरत असेल. पुढच्या सत्रात मी तिला पुढच्या बाकावर घेणार आहे.”

मी तिच्या डोळ्यांत पाहिलं. हाताच्या अंतरावरून ती माझ्याकडे बघत होती, आणि मला वाटत होतं की ती मला नीट बघतेय. तो हॉल लांब होता, पण एवढा नव्हता. चाळीस वर्षं जिच्या शेजारी जेवली, ती नणंद तिला तेवढ्या अंतरावरून ओळखू आली नव्हती. हे इतकं झालंय, हे तिने मला सांगितलं नव्हतं आणि मला दिसलं नव्हतं. मला हुंदका आला, तो मी गिळला. दिवसभरात गिळायची सवय झालीच होती.

“घे की पुढे,” मी म्हटलं. “असेल कोणीतरी मठ्ठ.”

“मठ्ठ म्हणू नका हो मुलीला,” वहिनी म्हणाली.

व्हरांडा संपून पायऱ्या लागत होत्या. मी तिचा दंड धरला आणि प्रत्येक पायरी तिला सांगत सांगत आम्ही खाली उतरलो.